बाळाच्या आधीची तिकिटं

बाळ होणार ही बातमी मी आमच्या बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगितली तेव्हा ते पेपरमधलं शब्दकोडं सोडवत होते. मला वाटलं, माणूस हरखेल, डोळ्यांत पाणीबिणी येईल, निदान पेन तरी खाली ठेवेल. कसलं काय! त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, मान जराशी तिरकी केली आणि विचारलं, "तारीख?"

"चोवीस," माझा नवरा म्हणाला. "डॉक्टरांनी चोवीस दिलीय. अजून सहा महिने आहेत."

"किती वाजता?"

"बाबा, बाळ आहे ते, गाडी नाही," मी म्हणाले. मी मुळात तापट, त्यात तिसरा महिना, त्यात सकाळपासून तीनदा उलटी झालेली.

"हां हां, तसं नव्हे," असं पुटपुटत त्यांनी कोड्याच्या कडेला बारीक अक्षरात महिना आणि चोवीस लिहिलं, भोवती चौकोन काढला आणि तेवढा तुकडा फाडून पाकिटात ठेवला. झालं अभिनंदन.

आता बाबांची गंमत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबा रेल्वेच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीत एकतीस वर्षं बसले. खिडकी नंबर चार. ऑफिसात, शेजारात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे त्यांना 'चार नंबर' म्हणतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण माणूस अजून खिडकीतून उठलेला नाही. बोलताना मान अशी तिरकी करतात, की मध्ये काच आहे आणि काचेला खाली अर्धगोल भोक आहे असं आपल्यालाही वाटायला लागतं. शेजारी बसून बोललं तरी "मोठ्याने!" म्हणतात. रिझर्व्हेशनचे कोरे फॉर्म दोरीने बांधून त्यांच्या टेबलावर ठेवलेले असतात आणि वाणसामानाची यादीसुद्धा ते फॉर्मच्या पाठीवरच करतात. पेन्सिलने लिहिलेलं त्यांना चालत नाही. खाडाखोड तर मुळीच नाही.

घरात माणसं आम्ही तीन, पण सकाळी न्हाणीघरापुढे नंबर लागतो. जो आधी उठला तो आधी. माझं पोट दिसायला लागल्यावर नवरा म्हणाला, "बाबा, हिला जाऊ द्या ना पुढे." तर बाबा शांतपणे म्हणाले, "दे की तुझा नंबर तिला. माझा कशाला वाटतोस?" मी हसावं की भांडावं ते मला कळेना. शेवटी दोन्ही केलं.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना घड्याळ दिलं आणि सोबत त्यांच्या खिडकीतली लाकडी पाटी दिली. एका बाजूला 'खिडकी चालू', दुसऱ्या बाजूला 'खिडकी बंद, जेवणाची सुट्टी'. ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेली आहे. बरोबर दीड वाजता बाबा ती उलटी करतात आणि जेवायला बसतात. दोनपर्यंत त्यांना काही विचारायचं नाही. एकदा शेजारची बाई गॅस सुटल्याचा वास येतोय म्हणून धावत आली, तेव्हा तेवढी सूट मिळाली होती.

असा हा माणूस. तऱ्हेवाईक म्हणा, पण खोट म्हणाल तर औषधालाही नाही. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या. भिंतीवरच्या फोटोतूनच मला त्या ठाऊक.

आणि मला काय हवं होतं तेही आत्ताच सांगून टाकते. बाळ येईल तेव्हा मला माझी आई उशाशी हवी होती. बस. ना मला मोठं हॉस्पिटल हवं होतं, ना वेगळी खोली. मी सहा वर्षांची असताना माझे वडील गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच. आईने लोकांचे ब्लाउज, शाळेचे गणवेश, पडदे, काय वाटेल ते शिवून मला वाढवलं. मला ताप आला की एका हाताने मशीनचं चाक फिरवायची आणि दुसरा हात माझ्या कपाळावर. तो हात मला हवा होता. मी भित्री आहे हे माझ्या तोंडाच्या पट्ट्यावरून कुणाला कळत नाही, पण रक्त काढायची सुई बघितली तरी मी डोळे घट्ट मिटून घेते.

डॉक्टरांनी मला प्रवास करू नको म्हणून बजावलं होतं, तेव्हा आईनेच यायला हवं होतं. पण आईचं गाव इथून चोवीस तासांवर, मध्ये जंक्शनवर गाडी बदलायची, आणि आईचं घोडं तिथेच अडत होतं. दहा पूल, बारा फलाट, वरून कुणीतरी भोंग्यात बोलतंय, सगळे पळताहेत. आई गोंधळून जाते. गुडघेही कुरकुरतात, वरच्या बाकावर चढणं तिला जमायचं नाही. आजवर ती एकटी कुठे गेलेलीच नाही.

"विहीणबाईंची व्यवस्था माझ्याकडे," बाबांनी जाहीर केलं. "फक्त त्यांचीच नाही. सगळ्यांची."

सगळ्यांची म्हणजे विहीणबाई येणार, माझी धाकटी नणंद तिच्या गावाहून येणार, आणि मग बाळ दोन महिन्यांचं झालं की आईला पोहोचवायला आम्ही सगळे तिच्या गावी जाणार. रिझर्व्हेशन नव्वद दिवस आधी उघडतं. बाबांनी एकेक तारीख मागे मोजत फॉर्म भरून ठेवले, टाचणी लावून.

"बाबा, मोबाइलवर दोन मिनिटांत होतं हे," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्याच्या हातात दिवसभर यंत्रंच असतात.

"मोबाइलला काय कळतंय कोणाचे गुडघे दुखतात ते?" बाबा म्हणाले, आणि प्रत्येक तिकिटाच्या नव्वदाव्या दिवशी पहाटे पाचला डबा नि पाण्याची बाटली घेऊन रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांच्याच जुन्या ऑफिसात, बाहेरच्या बाजूला.

एकदा तिथे काय झालं ते मला नंतर खिडकीतल्या मुलीकडूनच समजलं. ती बाबांच्या हाताखाली शिकलेली. जायच्या प्रवासाचा फॉर्म तिने वाचायला घेतला. पहिले तीन प्रवासी ठीक होते, चौथी आई, आणि पाचव्या ओळीत नुसतं 'बाळ'.

"सर, नाव?"

"ठरायचंय."

"वय?"

"अजून सुरू झालेलं नाही."

"सर," ती बिचारी हळूच म्हणाली, "पाच वर्षांच्या आतल्याला तिकीट लागत नाही. तुम्हीच शिकवलंत मला."

"ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "तिकीट देऊ नकोस. पण फॉर्मवर असू दे. घरातला माणूस आहे."

तिने असू दिलं. मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण त्याआधी आईच्या यायच्या तिकिटावर मात्र आमची जुंपली होती. त्या दिवशी बाबा दुपारी विजयी चेहऱ्याने आले आणि त्यांनी तिकीट माझ्यापुढे ठेवलं. आई एकवीस तारखेला पोहोचणार होती.

"एकवीस? बाबा, मी दहा दिवस आधी म्हणाले होते!"

"दहा दिवस आधीच्या गाड्यांना वरचे बाक शिल्लक होते. एकवीसच्या गाडीला खालचा मिळाला, खिडकीचा, जिन्याजवळचा डबा. जंक्शनला तीन तास मध्ये ठेवलेत, घाई नको त्यांना. तिथला हमाल माझ्या ओळखीचा आहे, तो हाताला धरून बसवून देईल."

"आणि बाळ आधी आलं तर?"

बाबांनी पाकिटातून तो कागदाचा तुकडा काढला. चौकोनातलं चोवीस मला दाखवलं. "लेखी तारीख आहे," ते म्हणाले.

एकतीस वर्षं छापील तारखांवर काढलेल्या माणसाला कसं पटवायचं की पोटातलं पोर वेळापत्रक वाचत नाही? मी तोंड फुगवून बसले. पण खालचा बाक, खिडकी, ओळखीचा हमाल, यात त्यांचा जीव दिसत होता. मी तिकीट कपाटात ठेवून दिलं. ती माझी चूक आणि चोवीसवर भिस्त ठेवली ती त्यांची.

बारा तारखेला सकाळी तपासणीला गेले. डॉक्टरीणबाईंनी दोनदा रक्तदाब घेतला. मग सोनोग्राफी केली. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. रक्तदाब वाढलाय, बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, थांबण्यात अर्थ नाही. "पंधराला सकाळी नऊ वाजता सिझर करू. तेराला संध्याकाळी दाखल व्हा. घाबरायचं काही नाही."

घाबरायचं काही नाही! त्यांना काय जातंय म्हणायला!

घरी येईपर्यंत नवऱ्याने रिक्षातच मोबाइल धुंडाळला. तिन्ही दिवस सगळ्या गाड्या भरलेल्या, प्रतीक्षा यादी दीडशेच्या वर. त्याला स्वतःला सुटी नव्हती. मी दाखल होणार त्याच रुग्णालयातली लिफ्ट बंद पडली होती आणि दुसरा मेकॅनिक आजारी. "बघू काहीतरी," तो म्हणत राहिला. त्याचं 'बघू' मला ठाऊक आहे.

दारात बाबा उभे होते. आम्ही काय ते सांगितलं. आणि मग माझा तोंडाचा पट्टा सुटला.

"एकतीस वर्षं खिडकीत बसलात, अख्ख्या गावाला तिकिटं दिलीत, आणि माझ्या आईचं एक तिकीट तुम्हाला धड काढता आलं नाही! खालचा बाक म्हणे! आता बसवा तिला खालच्या बाकावर एकवीस तारखेला! मी मेले तरी तिला कळायचं नाही!"

शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर मी जीभ चावली. पण गेलं ते गेलं. बाबांची मान तिरकी झाली नाही, "मोठ्याने" म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "फॉर्म चुकीचा भरला मी," आणि आत गेले.

मी पलंगावर पडून उशीत तोंड खुपसून रडले आणि रडता रडता झोपले. उठले तेव्हा तीन वाजले होते. घर शांत. स्वयंपाकघराच्या दारावर पाटी तशीच, 'खिडकी चालू'. दीड वाजून गेला आणि पाटी फिरली नाही, असं त्या घरात मी पहिल्यांदाच बघत होते. ओट्यावर त्यांचं ताट झाकलेलं, हात न लावलेलं. टेबलावर रिझर्व्हेशनचा एक फॉर्म, पाण्याच्या तांब्याखाली ठेवलेला, शाईच्या पेनाने भरलेला.

प्रवाशाचं नाव म्हणून स्वतःचं नाव लिहिलं होतं. वय सहासष्ट. कुठून, कुठे, सगळं नीट. वर्ग, 'मिळेल तो'. खाली शेऱ्याच्या जागेत, 'विहीणबाईंना घेऊन येतो. काळजी नसावी. ताटातलं गरम करून तू खा.'

बिनरिझर्व्हेशनच्या डब्यातून गेले होते! जो माणूस दोन स्टेशनांच्या प्रवासालाही जागा राखून ठेवतो, तो चोवीस तास साध्या डब्यात, सहासष्टाव्या वर्षी. मी तो फॉर्म हातात घेऊन तशीच बसून राहिले. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

संध्याकाळी आत्याबाई आल्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहीण. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला राहतात आणि आमच्या घरात काय शिजतं ते आमच्या आधी त्यांना कळतं. मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, आता आपली बिनपाण्याने होणार. पण आत्याबाई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "तू आज बोललीस. त्याला हे चौतीस वर्षांत कुणीतरी बोलायला हवं होतं."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं.

माझा नवरा जन्माला यायचा होता तेव्हा सासूबाईंची तब्येत नाजूक होती, म्हणून त्यांना दूरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन ठेवलं होतं. त्यांची आई तेव्हा इथे बाबांकडेच राहत होती. तिकडून निरोप आला, की दिवस भरत आलेत, आईला पाठवा. रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायला आत्याबाई त्या म्हातारीला घेऊन रिझर्व्हेशनला गेल्या. रांग चार नंबरचीच. पुढे तीन माणसं.

"आम्ही काचेतून त्याला दिसत होतो. त्याने बघितलं, मी बघितलं की त्याने बघितलं. पण याने मान वर केली नाही. 'पुढचा. पुढचा.' आमच्या पुढच्या माणसाला शेवटची जागा गेली. कुठे चालला होता माहीत आहे? कोंबड्यांच्या प्रदर्शनाला!" आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मग आमचा नंबर आला. हा म्हणतो कसा, 'गाडी भरली.' स्वतःच्या सासूला!"

"मग?"

"मग काय. म्हातारी तिसऱ्या दिवशी पोहोचली. तोवर तुझा नवरा होऊन गेला होता. वहिनीने एकटीने सोसलं. फार वाईट गेलं तिला ते. हा भेटायला गेला तेव्हा ती भांडली नाही. म्हणाली, 'तुम्ही बरोबरच केलंत,' आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. पुन्हा विषय काढला नाही आयुष्यात. भांडली असती तर परवडलं असतं गं."

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. त्या हसतच होत्या, फोटोत हसतात तशा.

तेराला दुपारी आईच्या शेजारणीचा फोन आला. आईकडे मोबाइल नाही. "अगं, तुझे सासरे आले काय, तुझ्या आईला उठवलं काय, मशीनवर कापड तसंच ठेवून दोघं स्टेशनवर गेलीसुद्धा!" मी सुस्कारा सोडला. संध्याकाळी दाखल झाले.

चौदाचा दिवस काही सरता सरेना. हिशेबाने ते दुपारपर्यंत यायला हवे होते. दुपार झाली, चार वाजले. बाबांचा फोन बंद. नवरा दर अर्ध्या तासाने "येतील गं" म्हणत होता आणि त्याचाच चेहरा पांढरा पडत चालला होता. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. साडेसातला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाबा होते, खिडकीतल्या आवाजात. "पहिली गाडी तीन तास उशिरा. जोडगाडी चुकली. विहीणबाई आता बसल्यात. डबा सहा, सीट सतरा, खालची. सकाळी पावणेआठ. उतरवायला ये." आणि कट.

सकाळी पावणेआठची गाडी पाच मिनिटं उशिरा आली. मला हिरवा झगा घातला होता, हातात सुई टोचली होती, मी डोळे मिटून पडले होते. दार ढकललं गेलं. आई आत आली. केस विस्कटलेले, एका हातात पिशवी, आणि गळ्यात शिवणकामाचा टेप. मशीनवरून उठली तशी तो गळ्यात घेऊनच आली होती, दोन दिवस आणि दोन गाड्या.

तिने पिशवी टाकली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. मला रडू फुटलं. "आलीस?" एवढंच मला म्हणता आलं. "आले ना," ती म्हणाली, "आले बघ."

घड्याळात आठ वीस झाले होते. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांसाठी मी नऊ महिने जीव टाकला होता, आणि ती मला पुरली.

"बाबा कुठायत?" मी विचारलं. नवरा खिडकीशी उभा होता.

"ते आले नाहीत," आई म्हणाली. "जागा एकच होती, बाळा." आणि माझे केस सारखे करत करत तिने सांगितलं.

दिवसभर दोघं जंक्शनवर बसून होते. संध्याकाळच्या गाडीला साधा डबा नव्हता, सगळाच राखीव. तिकीट तपासनिसाकडे एक जागा सुटली होती आणि त्याच्यापुढे अकरा माणसांची रांग. बाबा बाराव्या नंबरवर जाऊन उभे राहिले. दोन मिनिटं राहिले असतील. आई बाकावरून बघत होती. मग ते रांगेतून बाहेर आले आणि तरातरा पुढे गेले, पार पुढे.

"हात जोडले गं त्यांनी सगळ्यांना," आई म्हणाली. "म्हणाले, मी एकतीस वर्षं रिझर्व्हेशनच्या खिडकीत बसलो, घरच्यालाही कधी रांग मोडू दिली नाही. आज मीच मोडतोय. माझ्या सुनेचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे आणि ही तिची आई. पहिला नंबर ज्यांचा आहे ते नाही म्हणाले तर मी मागे जातो."

"पहिला नंबर कोणाचा होता?"

"एका काठीवाल्या आजोबांचा. त्यांनी काठीनेच मला बोलावलं, म्हणाले, बसा बाई. मागून एक जण ओरडला, हे बरोबर नाही म्हणून. व्याही त्याला म्हणाले, 'तुमचं बरोबर आहे. पण बरोबर मी एकदा केलंय.' काय बोलले कोण जाणे, त्याला काही कळलं नाही आणि मलाही नाही."

मला कळलं. नवऱ्यालाही कळलं असावं, कारण तो बाहेर व्हरांड्यात निघून गेला.

"मला सीटवर बसवलं, पिशवी ठेवली, म्हणाले, आता गाडी बदलायची नाही, शेवटचं स्टेशन आपलंच, सगळे उतरले की उतरा. आणि खाली उतरून परत त्या रांगेत गेले. शेवटी. अकरा माणसांच्या मागे." आईने डोळे पुसले, टेपच्या टोकानेच. "आणि मी आले की नाही एकटी? बारा तास! कुणाला विचारलंसुद्धा नाही."

नऊ वाजून बावीस मिनिटांनी मुलगी झाली. रडायला लागली ती थांबेचना. आत्याबाई म्हणाल्या, तोंडाच्या बाबतीत आईवर गेली. माझ्या आईने पहिली गोष्ट काय करावी? गळ्यातला टेप काढून नातीला मापली. "साडेएकोणीस इंच," ती नर्सला म्हणाली. "लिहून घ्या."

बाबा सोळाला दुपारी आले. दाढी वाढलेली, शर्टाला वाफेच्या इंजिनातून निघाल्यासारखा रंग, हातात तीच पाण्याची बाटली. खोलीत ही गर्दी. बाळ माझ्या आईकडे होतं, ते आत्याबाईंना हवं होतं, सकाळीच येऊन पोहोचलेली नणंद हात पुढे करून उभी होती, आणि नवरा "अरे, मला तर अजून धड बघूही दिली नाही" म्हणत होता. बाबा आले आणि नवऱ्याच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले. कुणाचं लक्षच नव्हतं. माझं होतं.

"बाबा, पुढे या ना."

"असू दे," ते म्हणाले. "हे सगळे आधीचे आहेत. नंबर आला की घेईन."

थट्टा नव्हती ती. खरोखरच उभे होते, पाय सुजलेले, डोळे लाल, आणि चार माणसांच्या मागे. मला त्यांना किती सांगायचं होतं. माफ करा म्हणायचं होतं, मी बोलले ते विसरा म्हणायचं होतं. मग मी उशीवरून मान तिरकी केली, त्यांच्यासारखी, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "चार नंबर! पुढचा!"

सगळे दचकून बाजूला झाले. टाके असे ओढले गेले की डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण ओरडले. बाबा गोंधळले. मग हसले. पुढे आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आईने बाळ त्यांच्या हातांत ठेवलं.

ते बाळाकडे बघेचनात आधी. माझ्याकडे बघून विचारलं, "विहीणबाई पोहोचल्या ना आधी?"

"चाळीस मिनिटं आधी, बाबा."

"उशाशी होत्या?"

"उशाशीच होती."

"बरं," ते म्हणाले. "बरं झालं." आणि मग खाली बघितलं, आणि बघता बघता त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला आणि चष्म्याच्या काचेवर टपकन पाणी पडलं. पुसायला हात मोकळा नव्हता. आईने पुसलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाळ झोपलं होतं, त्यांचा अंगठा धरून. आत्याबाईंनी दोनदा खाकरून बघितलं. नणंद म्हणाली, "बाबा, द्या ना आता, मी कालपासून उपाशी प्रवास करून आलेय." नवरा म्हणाला, "बाबा, मागे रांग आहे."

बाबांनी मान वर केली नाही.

"खिडकी बंद आहे," ते म्हणाले. "जेवणाची सुट्टी."